मेंटेनन्स भरतो, मग मावशी उचलतील

परवा रात्री झोपायच्या आधी पुण्याच्या आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला आणि एका वाक्याने झोप उडाली. "महिन्याला साडेतीन हजार मेंटेनन्स भरतो, मग झाडायला मावशी कशाला ठेवल्यात?" विषय होता बी विंगच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी पडणारी कुत्र्याची घाण. लिहिणारे गृहस्थ चांगले शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांच्या त्या वाक्याला सात जणांची पसंती होती. मी नावं मोजली. त्यातल्या तिघांना मी काका-काकू म्हणत लहानाची मोठी झाले.

मी रेडिंगला राहून सोसायटीच्या ग्रुपवर कशाला, असं कुणी विचारेल. फ्लॅट बाबांच्या आणि माझ्या नावावर आहे, आणि बाबांना मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचवत नाही. म्हणून पाण्याचा टँकर कधी येणार आणि लिफ्ट कधी बंद राहणार हे सिंहगड रोडवरच्या माझ्या वडिलांना इंग्लंडहून मी कळवते.

गेल्या महिन्यात बाबा दूध आणायला खाली उतरले. वय 78. पार्किंगमधली एक ट्यूब गेलेली, पायाखाली काय आहे ते दिसलं नाही. पाय सरकला. शेजारी उभ्या स्कूटरचं हँडल हातात आलं म्हणून पडले नाहीत. मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा ते बाथरूममध्ये स्टुलावर बसले होते. मांडीवर जुना पेपर, त्यावर उलटी केलेली सँडल, आणि हातात दात घासायचा जुना ब्रश. "काही नाही गं, खाचांमध्ये अडकलंय," म्हणाले. त्यांच्या सँडलच्या तळव्याला नागमोडी खाचा आहेत, घसरू नये म्हणून मीच तसल्या घेऊन दिल्या होत्या. एकेका खाचेतून ब्रश फिरवत, मग्यातलं पाणी ओतत, वास घेत, परत ब्रश फिरवत ते वीस मिनिटं बसले होते. मी नुसती बघत राहिले.

त्याच दिवशी मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक लिहिलं. इथे कुत्रा घेऊन निघालेल्या माणसाच्या खिशात पिशव्यांचा रोल असतोच, कुत्रा बसला की तो थांबतो, वाकतो, उचलतो आणि गाठ मारून पिशवी हातात घेऊन चालू लागतो. उचललं नाही तर काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, जागेवर दंड लावतं, बहुतेक ठिकाणी 100 पौंड, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर 1000 पौंडांपर्यंत. सूट आहे ती दृष्टिहीन माणसाला. हे सगळं खरं आहे. शेवटी मी लिहिलं, "आमच्या गल्लीत असं कधी दिसत नाही." त्या वाक्याकडे पुढे येते.

उत्तरं आली. एकाने जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक टाकलं: तसा कायदा नसेल तर सोसायटी मालकांना साफ करण्याची विनंती करू शकते, सक्ती करू शकत नाही, दंड तर नाहीच. बरोबर आहे, पण त्याच परिपत्रकात कुत्र्याने सार्वजनिक जागेत घाण केली तर मालकाने ती साफ करावी, असा सल्लाही आहे. तो परिच्छेद फोटोत कापला गेला होता. दुसऱ्याने विषय भटक्या कुत्र्यांवर नेला, मग सुप्रीम कोर्टाचे 2025 च्या ऑगस्टमधले दोन आदेश, खाऊ घालावं की घालू नये, यात सगळी दुपार गेली. अहो, पण पट्टा लावून लिफ्टमधून खाली आणलेला लॅब्रॅडॉर भटका कसा? त्याचं नाव, त्याचा मजला, त्याच्या फिरण्याची वेळ साऱ्या सोसायटीला ठाऊक आहे. आणि तिसऱ्याने लिहिलं, "ताई, लंडनमध्ये बसून आम्हाला शिकवू नका."

रेडिंग म्हणजे लंडन नव्हे. पण ते असो.

खरं सांगायचं तर मला विरोधकांपेक्षा माझी बाजू घेणाऱ्या एका बाईंचा राग जास्त आला. त्या म्हणाल्या, "आपल्या लोकांना सिव्हिक सेन्सच नाही, गोऱ्यांच्या रक्तातच असते स्वच्छता." हे वाक्य मी चौदा वर्षं ऐकते आहे. सुट्टीत पुण्याला गेलं की ऐकते, इथे गणपतीला जमलेल्या मराठी मंडळींच्या तोंडूनही ऐकते. रक्तात काही नसतं. इंग्लंडमध्ये कुत्र्याची घाण न उचलणं हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा 1996 साली आला. मी तेव्हा शाळेत होते. मी ज्या फार्मसीत काम करते तिथली साठीची सहकारी याच गावात वाढली. ती सांगते, लहानपणी फुटपाथवर खेळताना मान खाली घालूनच पळावं लागायचं, उन्हात वाळून पांढरे झालेले गोळे जागोजाग पडलेले असायचे आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. न्यूयॉर्कमध्ये 1978 च्या 1 ऑगस्टला कायदा लागू झाला, त्याआधी तिथलेही कुत्रेवाले म्हणत की हे कसं शक्य आहे. शक्य झालं. कायदा आला, दंड आला, पिशव्या आल्या, आणि हळूहळू न उचलणाऱ्याकडे लोक वळून बघू लागले. माणसं तीच होती.

मग आपल्याकडे काय अडतं? इथे चौदा वर्षांत "मी काउन्सिल टॅक्स भरतो, झाडूवाला उचलेल" असं मी एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. इथला न उचलणारा माणूस इकडेतिकडे बघतो आणि सटकतो. त्याला कळत असतं की आपण चुकलो. आमच्या सोसायटीतला न उचलणारा ताठ मानेने उभा असतो, कारण उचलणारं कुणीतरी आहे याची त्याला खात्री असते. कुत्रा पाळण्याची हौस आपली, वाकण्याचं काम तिचं.

त्या मावशी मी पाहिल्या आहेत. मागच्या डिसेंबरात गेले होते तेव्हा सकाळी सातला गॅलरीतून दिसल्या. आधी समोरच्या बांधकामावरून मूठभर रेती आणली आणि त्या घाणीवर टाकली. मग बाजूचा पाचोळा झाडत थोडा वेळ घालवला, रेतीने ओल शोषून घ्यावी म्हणून. मग खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन एकाने ढकलून दुसऱ्यावर घेतलं आणि नाकाला पदर लावून डब्यापर्यंत गेल्या. परत आल्या, पाण्याची नळी लावली. सोसायटीने दोन वर्षांपूर्वी हातमोजे दिले होते, ते फाटले, नवे आले नाहीत. चार इमारती झाडतात त्या.

माणसाचा मैला हाताने उचलायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कुत्र्याच्या बाबतीत तसा कायदा नाही, आणि म्हणून उच्चभ्रू सोसायटीत एका बाईने परक्याच्या कुत्र्याची विष्ठा पुठ्ठ्याने उचलावी, तेही "मेंटेनन्स भरतो" या बळावर, यात कुणालाच काही खटकत नाही. उचलणारा हात कुणाचा असायचा, कुठल्या वस्तीतून यायचा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. तो हिशेब मेंटेनन्सच्या पावतीत जसाच्या तसा उतरला आहे. जे थोडे लोक उचलतात तेही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकतात. पुण्यात सुका कचरा हाताने वेगळा होतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली, पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, आणि आज आपल्या दारातून कचरा नेणारी बाई ती पिशवी उघडते तेव्हाच तिला कळतं की आत काय आहे. कुत्र्याच्या विष्ठेतल्या गोल कृमींची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात, ती पोटात गेली तर लहान मुलांच्या डोळ्यांपर्यंत त्रास जाऊ शकतो. फार्मसीतल्या माणसाने हे सांगायलाच हवं.

आमचे आजोबा कणकवलीचे. तिथला गोपुरी आश्रम त्यांच्या पायाखालचा, तो उभा करणाऱ्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेबांनी मैलासफाईचं काम मागितलं. हे काम तुमच्यासारख्याचं नव्हे म्हणून सरकारने नाकारलं, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभलं, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. घाण उचलायला मिळावी म्हणून उपोषण. आजोबा ही गोष्ट सांगताना दरवेळी इथे थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. ही गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही. त्या अंगठ्याच्या चित्रांमध्ये ती टाकावीशी वाटली नाही.

आता माझ्या त्या वाक्याबद्दल. "आमच्या गल्लीत असं कधी दिसत नाही." ते खोटं आहे.

आमचं घर सेमी आहे, म्हणजे शेजारच्या घराला एका भिंतीने जोडलेलं. समोरचा गवताचा तुकडा आमचा आणि शेजाऱ्यांचा लागूनच, मध्ये कुंपण नाही. शेजारच्या आजोबांकडे एक म्हातारी स्पॅनियल कुत्री आहे. त्यांची बायको गेल्यापासून ते कुत्रीला सकाळी नुसतं दार उघडून बाहेर सोडतात, आणि ती आमच्या बाजूला येऊन बसते. तीन वर्षं झाली. गुरुवारी बिन बाहेर काढताना मला ते दिसतं. मी आत जाते, ब्रेडची रिकामी पिशवी हातात घालते, वाकते, उचलते, गाठ मारते, टाकते. मुलगी शाळेला निघायच्या आधी, अंधार असतानाच. मागच्या पायवाटेला कुंपणांवर लोकांनी भरलेल्या पिशव्या अडकवून ठेवलेल्या असतात, त्याही मी कधी ग्रुपवर सांगितल्या नाहीत.

तीन वर्षांत मी त्यांना एक शब्द बोललेले नाही. काउन्सिलच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म आहे, दोन मिनिटांचं काम, तो मी भरलेला नाही. शाळेच्या मागच्या हाफ टर्मच्या सुट्टीत एकदा मी वाकलेली असताना ते दारात आले. "ओह डिअर, ती आमचीच का?" मी सरळ उभी राहिले, पिशवी पाठीमागे धरली आणि म्हणाले, "नो नो, इट्स फाइन." आणि हसले. ते हसू मला ओळखता येतं. इमिग्रेशनच्या काउंटरवर असतं तेच. पासपोर्ट बदलून सहा वर्षं झाली, घराचे हप्ते भरते, मत देते, पण त्या गवतावर उभं राहून "तुमच्या कुत्रीने केलं, तुम्ही उचला" म्हणायला तोंड उघडत नाही. मनात येतं, उद्या हे म्हणतील, आता या आम्हाला शिकवणार. ते तसं म्हणणारे नाहीत. तरी मनात येतं.

आणि पुण्याच्या ग्रुपवर, साडेचार हजार मैलांवरून, मी रात्री बारा वाजता तीन तीन परिच्छेद लिहिते. तिथे भांडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. "लंडनमध्ये बसून शिकवू नका" हे एवढं का लागलं ते मला आता कळतं. भांडायची माझी ती एकच जागा उरली आहे, आणि तिथूनही मला बाहेरची ठरवत होते.

मी लिहिलेलं चूक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मावशींनी ते उचलायचं नाही, ज्याचा कुत्रा त्याने उचलायचं. खोटं नसतं लिहिलं तरी हे उभं राहिलं असतं, म्हणून तर खोटं लिहिल्याची जास्त लाज वाटते.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू ग्रुपवर भांडत जाऊ नकोस. मला इथे राहायचं आहे." मग म्हणाले की गेले पंधरा दिवस ते स्वतः साडेसहाला खाली जातात, मावशी यायच्या आत, आणि पेपरने उचलून टाकतात. मी ओरडले. सत्तरी उलटलेल्या माणसाने पार्किंगमध्ये वाकायचं? त्यांनी ओरडू दिलं. मग विचारलं, "आणि तू तिकडे वाकूनच उचलतेस?" मी हो म्हटलं. "कंबरेत वाकू नकोस. गुडघ्यातून वाक." थोडं थांबून म्हणाले, "लांब दांड्याची काही सुपली मिळते का तिकडे? डिसेंबरात येशील तेव्हा आण."

मिळते. शनिवारी जाऊन दोन आणल्या. एकीचा दांडा निघतो, ती बॅगेत आडवी बसली. दुसरी पुढच्या दाराबाहेर टेकवून ठेवली आहे, शेजारच्या खिडकीतून दिसेल अशी.