स्वनिधीचं कर्ज माफ झालेलं नाही

‘पीएम स्वनिधीचे पैसे परत करायचे नाहीत, फक्त नगरसेवकाचं पत्र लागतं’ असा मेसेज हातगाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी खोट्या.

पीएम स्वनिधी म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतून हातगाडीवाल्यांना, पथविक्रेत्यांना मिळणारं बँकेचं कर्ज आहे. तारण लागत नाही, म्हणून ते फुकटचं ठरत नाही. ऑगस्ट 2025 मधल्या बदलानंतर पहिला टप्पा 15,000, दुसरा 25,000 आणि तिसरा 50,000 रुपयांपर्यंतचा आहे. आधीचं फेडलं तरच पुढचं मिळतं. वेळेत हप्ते भरणाऱ्याला व्याजावर 7 टक्के अनुदान आहे. बहुधा ‘माफी’ची अफवा तिथूनच उठली असावी. मेसेजवर भरवसा ठेवून हप्ता चुकवला, तर भाजीच्या गाडीला पुढच्या भांडवलासाठी पुन्हा खासगी सावकारच गाठावा लागेल.

आता पत्राचं. विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नसेल तर शिफारसपत्र चालतं, पण ते पालिकेचं किंवा नगर पथविक्रेता समितीचं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार या समितीचे अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असतात आणि किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून द्यायचे असतात. नगरसेवकाच्या लेटरहेडसाठी कुणी पाचशे रुपये मागत असेल तर देऊ नका. अर्जाला फी नाही.