नोटांना वकील मिळत नाही

अमेरिकेत रोखीने जुनी गाडी घ्यायला निघाला असाल, तर निघण्याआधी नोटांना जवळ बसवून नीट समजावून सांगा. वाटेत पोलिसांनी अडवलं तर तुम्हाला कदाचित काहीच होणार नाही, पण नोटांना पकडून नेतील. गुन्ह्याशी संबंध असल्याच्या संशयावरून मालमत्ता ताब्यात घ्यायचा जो दिवाणी जप्तीचा कायदा आहे, त्यात आरोपी माणूस नसतो, वस्तू असते. २००६ साली आठव्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिलेल्या एका खटल्याचं नावच ‘अमेरिका विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ असं आहे. नेब्रास्कात भाड्याच्या गाडीतल्या कूलरमध्ये ही रक्कम सापडली. ड्रग्ज सापडले नाहीत. चालक आधी म्हणाला पैसे नाहीत, मग म्हणाला ट्रक घ्यायला गेलो होतो. एवढा गोंधळ पुरला. खालच्या कोर्टाने पैसे परत द्या म्हटलं, वरच्याने दोन विरुद्ध एक मताने सरकारजमा केले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे ती पायरी चढायला तुमच्या नोटा जातात, तुम्ही फक्त ‘दावेदार’.

आता बांधणीकडे वळू. पुडक्यांना रबरबँड लावू नका, ड्रग्जवाले तसंच बांधतात. सुट्या ठेवल्यात तर किरकोळ विक्रीची कमाई दिसते. मोठ्या नोटा घाऊक धंद्याच्या, छोट्या नोटा गल्लीतल्या धंद्याच्या. डिकीत ठेवल्या तर लपवल्या, सीटवर ठेवल्या तर ‘असं कोण नेतं?’ देशांतर्गत कितीही रोकड नेली तरी गुन्हा नाही. १०,००० डॉलरवर जाहीर करण्याची सक्ती फक्त सीमा ओलांडताना आहे. ही माहिती रस्त्याकडेला उभं राहून हवालदाराला देऊन बघा.

तिकीट लिहून झालं, लायसन्स हातात आलं की निघायचं. संशयाला ठोस आधार नसेल तर नुसतं ड्रग्ज हुंगणारं कुत्रं येईपर्यंत गाडी थांबवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं आहे. म्हणून अनुभवी पोलीस कागद परत देतो, दोन पावलं जातो आणि मागे वळून हसतमुखाने विचारतो, ‘दोन प्रश्न विचारले तर चालेल ना? जरा गाडीत डोकावू?’ इथे ‘नाही’ म्हणता येतं. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची सवय नाही, त्यामुळे घरी आरशासमोर सराव करा. कुत्रं नोटांवर भुंकलं तर घाबरू नका, चलनातल्या बहुतेक नोटांवर कोकेनचे कण असतातच. ते भुंकणं पुरावा म्हणून कोर्टात येतं, एवढंच.

जप्ती झालीच तर पावती मागा आणि तिच्यावर आकडा लिहून घ्या. ‘अमेरिकी चलन, रक्कम अनिश्चित’ अशीही पावती मिळते. रक्कम मोजायला पाहिजे हे पैसे नेणाऱ्याला सुचत नाही, तुम्हाला सुचलं पाहिजे. ‘हे पैसे माझे नाहीत’ असा छापील कागद पुढे आला तर सही करू नका, मग तो कितीही आपुलकीने पुढे केलेला असो.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, जप्ती असेल तर साधारण ६० दिवसांत नोटीस येते. पाकीट फोडायच्या आधी त्यावरची तारीख बघा: दाव्याचे ३५ दिवस पत्र टाकल्यापासून मोजतात, हातात पडल्यापासून नव्हे. आत दोन वाटा दिलेल्या असतात. एक ‘विनंतीअर्ज’, ऐकायला सोपा, पण तो ज्यांनी पैसे नेले त्यांच्याच दारी जातो आणि निर्णयही तेच देतात. दुसरा ‘दावा’, शपथेवर केलेला. त्याला फी नाही, आणि तो केला की सरकारला ९० दिवसांत कोर्टात जावं लागतं. घाईत भलत्याच वाटेला लागलात तर न्यायाधीशाचं तोंडही दिसणार नाही.

सरकारी खर्चाने वकील हक्काने मिळतो तो गरीब दावेदाराला, तेही राहतं घर पणाला लागलं असेल तरच. चार हजार डॉलर गेले आणि वकिलाचे पाच हजार होत असतील, तर हिशेब तुम्हीच करा. जिंकलात तर वकिलाचा खर्च सरकार देतं खरं. म्हणून हरणार असं दिसलं की निकालाआधीच सरकार मुकाट्याने पैसे परत करतं. मग जिंकलात असं म्हणता येत नाही आणि वकिलाचं बिल तुमच्याकडेच राहतं.

गाडी मुलाला किंवा मैत्रिणीला देणार असाल तर अलाबामातल्या दोन मालकिणींचं उदाहरण समोर ठेवा. गाडीत त्या नव्हत्याच, ड्रग्ज दुसऱ्याचे; गाड्या परत मिळायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर गाडी ठेवायचा पोलिसांना अधिकार तरी आहे का, हे लवकर तपासायला वेगळी सुनावणी द्या, एवढीच त्यांची मागणी होती. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की तशी गरज नाही, मुख्य खटला वेळेत चालला की पुरे. बरोबरच आहे, सव्वा वर्षात माणूस बसने जायला शिकतो. इंडियानातल्या लँड रोव्हरच्या मालकाने तर गुन्हा कबूल केला होता. कमाल दंड १०,००० डॉलर आणि जप्त गाडी ४२,००० ची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ९ विरुद्ध ० असा त्याच्या बाजूने निकाल लागला. २०१३ मध्ये नेलेली गाडी हातात आली २०२० मध्ये.

हे सगळं कशापायी, असं विचारू नका. १९८४ पासून फेडरल जप्तीचा पैसा पकडणाऱ्यांच्याच निधीत जातो आणि केंद्राशी भागीदारी केली की स्थानिक पोलिसांना ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. राज्याचा कायदा पोलिसांना कडक असला तर केंद्राच्या दाराने जायचं. हे दार बंद करणारं विधेयक जून २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या समितीत २६ विरुद्ध ० मतांनी मंजूर झालं. दोन्ही पक्ष एकमुखाने हो म्हणाले, आणि त्या संसदेची मुदत संपली तरी कायदा झाला नाही.

तेव्हा रस्ता निवडताना नकाशा नीट बघा. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये दिवाणी जप्तीच बंद केली, राज्याच्या कायद्याने गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय तिथे पैसे जात नाहीत. आय-४० महामार्गाने पूर्वेकडे गेलात तर जवळजवळ पावणेचारशे मैल बऱ्यापैकी निवांत मिळतील. नोटांना खिडकीपाशी बसवा. पुढे टेक्सास लागतं.