‘सगळे एकत्र राहतात’
सोलापुरात टाकीत पाळायचे शोभेचे मासे घ्यायला गेले की ‘न्या, सगळे एकत्र राहतात’ हेच ऐकावे लागते आणि दर वेळी माझा संताप होतो. गोल्डफिशला साधारण १८ ते २२ अंशांचे गार पाणी मानवते, एंजल माशाला २४ ते २८ अंशांचे. तरी दोघे एकाच टाकीसाठी विकले जातात. टायगर बार्ब जातीचे मासे एंजलचे लांब पर कुरतडतात आणि तोच एंजल मोठा झाला की इवले निऑन टेट्रा मासे गिळतो, हे विक्रेत्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. गेल्या मे महिन्यात भाच्याचे गोल्डफिश पृष्ठभागावर धापा टाकत मेले, तेव्हाही टाकीत आणखी कोण आहे हे न विचारताच दुकानदाराने नवी जोडी पुढे केली.