रोबो मागवणारा एक, चालणारे शंभर

इंदूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय: रामबागेत घरपोच सामान आणणारे रोबो यावेत का? भाचा म्हणतो, "मामा, स्वच्छतेत नंबर वन आहोतच, यातही होऊ." त्याच्या बाबांना डिलिव्हरीच्या पोरांच्या पोटाची काळजी. ती खरीच आहे. पण ज्याने काहीच मागवलेलं नाही आणि जो नुसता पायी चाललाय, त्याचं नाव दोघंही काढत नाहीत.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये २०१८ पासून हे रोबो किराणा पोचवतात. सहा चाकं, वर झेंड्याची काठी, चाल माणसाइतकीच. मुलं त्यांना हात करतात. गोंडस दिसतात म्हणून लोकांनी स्वीकारले, असं इथे सर्रास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. या गावात मोटारींपासून वेगळ्या, पादचारी नि सायकलींसाठीच्या 'रेडवे' वाटा सुमारे ३०० किलोमीटर आहेत. रोबोला जागा आयती मिळाली, कुणाची हिसकावावी लागली नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २०१९ साली असाच रोबो फुटपाथच्या उताराशी थांबला आणि रस्ता ओलांडणारी व्हीलचेअरवरची विद्यार्थिनी मोटारींच्या वाटेत अडकली. चाचणी थांबवावी लागली. गोंडसपणा तिच्या काय कामाचा?

इंदुरात हे कळायला परदेशी उदाहरण नकोच. बीआरटीएसमध्ये, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकेत, २०१३ पासून आयबस ही शहरबस धावली, हजारोंनी वापरली. तरी बाहेर गाड्या तुंबतात ही तक्रार जड ठरली आणि २०२५ मध्ये हायकोर्टाने मार्गिका काढायला परवानगी दिली. आत बसलेल्यांचं समाधान पुरलं नाही.

म्हणून रोबोवर गोंडस डोळे रंगवण्याआधी त्याला मागे सरकायला शिकवा. अरुंद जागी थांबायचं त्याने, माणसाने नाही. न दिसणाऱ्याला चाहूल लागेल एवढा आवाज हवा. आणि अंगावर ठळक फोन नंबर, तोही हिंदीत, उचलणारा माणूस असलेला. आपल्याकडे धक्का लागला की पहिला प्रश्न असतो, "गाडी किसकी है भिया?" त्याला उत्तर नसलं तर त्या डब्याचं काय होईल ते सांगायला नको.

चाचणी करायचीच तर सिमरोळला आयआयटीच्या आवारात करा. अमेरिकेतही हे रोबो विद्यापीठांच्या आवारांतूनच पसरले. थेट राजवाड्यासमोर फीत कापायची हौस कुणाला तरी असणारच, तिला माझा विरोध.