तीनशे ग्रॅम

काल संध्याकाळी माझ्यावर रद्दीचोरीचा आळ आला. थेट चोर कोणी म्हणालं नाही, पण क्लबहाऊसच्या दारात, बारा पोरांच्या देखत, ताणकाट्याला पिशवी लटकवून "मॅडम, तीनशे ग्रॅम कमी भरतंय" म्हटल्यावर दुसरं काय समजायचं?

सोसायटीच्या समर कॅम्पमध्ये कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून चित्र, मी शिकवते, असं मीच तोंड वर करून सांगितलं होतं. दुसरी-तिसरीची पोरं, हातात एक तास, म्हणून चित्र पोस्टकार्डाएवढंच, १४ बाय ९ सेंटीमीटर, मोठं दिलं की आकाश चिकटवतानाच फेविकॉल संपतो आणि पोरंही. कात्री नाही, हाताने फाडायचं. पेपर उभा फाडला की सरळ फाटतो, आडवा फाडला की वाट्टेल तिकडे जातो, हे कळल्यावर कार्टी अशी पिसाळली की दोन किलो रद्दीचा चिवडा झाला. ती रद्दी बी विंगच्या काकांची. मला वाटलं दिली. काकांच्या मते वापरायला दिली होती.

"उरलेली परत द्या, उद्या रद्दीवाला येतो."

"काका, उरलेत ते हे असे तुकडे..."

"तुकड्यांना वजन नसतं का?"

असतं बाई. मग तुकडे काट्यावर चढले, मग चित्रंही चढली. मी म्हटलं, अहो त्यात फेविकॉलचं वजन आलं ना. तर म्हणे, "ते वजा केलंय." कसं, देव जाणे.

पिकासोने १९१२ साली कोलाज करताना कॅनव्हासवर वेताच्या विणीचं छापील ऑईलक्लॉथ चिकटवलं, फ्रेमऐवजी दोर गुंडाळला. तो दोर कोणी परत मागितला असेल असं वाटत नाही.

तेवढ्यात काकांचं लक्ष एका मांजराकडे गेलं. मांजर झकास होतं, फक्त मिशा निधनवार्तेच्या फोटोतल्या होत्या, नाकासकट. काका चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिले. "हे तर आमचे साहेब! कधी गेले?" आता तारखेचा तुकडा कुणाच्यातरी होडीत गेलेला, मग आम्ही दोघं होड्या तपासत बसलो. मंगळवार, एवढंच सापडलं. "ह्या मिशीने माझं प्रमोशन सात वर्षं अडवलं," काका म्हणाले आणि मांजर पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

मला वाटलं आता विरघळले. कसले! "मग त्या तीनशे ग्रॅमचं?"

पंधरा रुपये किलोने साडेचार रुपये होतात. झुंबावालीला तासाचे पाचशे मिळतात, मी फुकट, वर फेविकॉल माझ्या पैशाचा, आणि ग्रुपवर आया विचारतायत "ग्लिटर नव्हतं का?" मी पाच रुपये काढून दिले. सुटे नव्हते, म्हणाले पन्नास पैसे तुमचे जमा धरतो.

मग त्यांनी मांजर मागितलं. मांजरवालीने सरळ पाच रुपये सांगितले. दिले त्यांनी. माझेच.

फरशीवरचा फेविकॉल मी रात्री आठपर्यंत खरवडत होते, कारण झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, कोलाज आमच्या कामात बसत नाही.