प्लाझ्मा टीव्हीत गॅस भरावा लागत नाही

"प्लाझ्मा टीव्हीतला गॅस दोन वर्षांनी संपतो, म्हणून कंपन्यांनी ते बंद केले" असा मेसेज राजारामपुरीतल्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही. मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. निऑन-झेनॉनचा तो गॅस काचेच्या बारीक कप्प्यांत कायमचा सीलबंद असतो. भरायची सोयच नसते.

वीज जास्त लागायची, थांबलेल्या चित्राचा डाग राहायचा, या तक्रारी खऱ्या. पण काळा रंग प्लाझ्मासारखा गडद त्या वेळच्या एलसीडीत नव्हता. दुकानातल्या लख्ख उजेडात मात्र एलसीडीच झगझगीत दिसायचा, शिवाय स्वस्त होत गेला. गिऱ्हाईक तिकडं वळलं. म्हणून पॅनासोनिकनं २०१३ अखेर प्लाझ्माचे पडदे (पॅनेल) बनवणं थांबवलं, सॅमसंगनं २०१४ मध्ये.

मंडळी, तो मेसेज पुढं पाठवू नका. 'गॅस भरून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.