नळाला गटार जोडायची सोपी पद्धत

आमच्या बेळगावात गल्लीत डांबर पडून पंधरा दिवस होत नाहीत तोवर जेसीबी येतो, गटारीच्या कडेनं चर मारतो आणि तिसऱ्या दिवशी नळाला नासक्या अंड्यांचा वास सुटतो. हे सहजासहजी जमत नाही, त्याला तपश्चर्या लागते. उद्या तुमच्यापैकी कुणी नगरसेवक झालं, कंत्राटदार झालं किंवा पाणी खात्यात चिकटलं तर ही विद्या बुडू नये, म्हणून ही थोडी टिपणं.

रस्ता आधी करा, खुदाई मागाहून. एकाच रस्त्याची दोन बिलं निघतात.

जुन्या लाइनींचा नकाशा शोधत बसू नका. जेसीबीच्या दातांना तो पाठ असतो.

चर फूटभर खोल पुरे. मीटरभर खोल जा, पाइपाखाली 10-15 सेंटिमीटर वाळू घाला, दर 15-20 सेंटिमीटर मातीच्या थराला पाणी मारून धुम्मस करा, हे सगळं पुस्तकात ठीक. तुम्ही निघालेला चिखल, दगडगोट्यांसकट, एका दमात आत लोटा. दगडाचं टोक पाइपाला एकाच जागी टेकलं आणि वरून खडीचा टिप्पर गेला, की पाइप तिथंच चिरतो. चर बसवायचं काम आपल्याकडचा जून-जुलै फुकट करतो.

चाचणी? सांधे उघडे ठेवून, चालू दाबाच्या दीडपट दाब देऊन, गळती बघून मगच चर बुजवायचा असतो. तुम्ही आधी बुजवा. गळती रहिवासी शोधतील.

खरं कसब गटारीपाशी आहे. पाण्याची लाइन ड्रेनेजपासून आडवी 3 मीटर लांब हवी आणि ओलांडेल तिथं अर्धा मीटर वरून हवी, असा नियम. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत समोरासमोरच्या उंबऱ्यांतच मोजकं अंतर, तिथं 3 मीटर आणणार कुठून? म्हणून लाइन सरळ गटारीतूनच न्या. घरजोडणी देताना गटारीची भिंत फोडा, जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप तळाला आडवा टाका, भोक बुजवू नका. पाइपाला आटे पाडले की वरचं जस्त तिथं निघून जातं, म्हणजे गंज आधी सांध्याला, आणि सांधा नेमका गाळात. पाणी चालू असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही, कारण दाब आतून बाहेर असतो, चांगलं पाणी गटारीत जातं. गंमत वॉलमननं वॉल बंद केल्यावर. उतारावरच्या घरांचे नळ उघडे, लाइन रिकामी होत जाते, आत पोकळी धरते आणि ज्या चिरेतून पाणी बाहेर जात होतं त्याच चिरेतून गटार आत ओढली जाते. पुढच्या पाळीला पाणी सुटलं की पहिल्या बादल्या त्याच पाण्याच्या! आणि यावरचा इलाज काही चंद्रावरून आणायचा नाही. मेनपासून मीटरपर्यंत मध्ये सांधा नसलेला निळा एमडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा पाइप टाकायचा, आणि गटार ओलांडायची तिथं तो वरून न्यायचा किंवा मोठ्या पाइपाच्या तुकड्यातून ओवायचा. एका घराला हातभर तुकडा! हातभर! तेवढा वाचवायचा, मग उलट्या-जुलाब, सलाइन, टँकर, आणि वर सांगायचं की पाणी उकळून प्या. गॅस कोण भरून देणार?

पाणी बंद असल्याची सूचना फक्त कन्नडमध्ये काढा. वास सगळ्या भाषांत पोचतो.

तक्रार आली तर क्लोरीन वाढवलंय म्हणून सांगा. नळाच्या तोंडाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं; ते क्लोरोस्कोपच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या संचाच्या बाटलीत दोन मिनिटांत दिसतं. मात्र ते टाकीपाशीच मोजा, गल्लीच्या टोकाला नको. मधल्या वाटेत गटारीनं सगळं क्लोरीन खाल्लेलं असतं आणि वहीतला आकडा उगाच बिघडतो.

विहिरींचंही बघून ठेवा. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला पाणी हवं होतं तर टिळकवाडीत विहीर खोदली गेली. त्या काळच्या लोकांना दुसरं सुचलं नसावं. आता परसातल्या विहिरीशेजारी ड्रेनेजचं चेंबर बांधा, आतून गिलावा करू नका, दोन पाइपांचा सांधा मातीनं लिंपा. चेंबर तुंबलं की मैला जमिनीतून विहिरीत उतरतो. मग हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाका म्हणायचं. अहो, ते प्रमाण बऱ्या पाण्याचं. मैला उतरलेल्या विहिरीला पोतं ओतलं तरी काय होणार? आधी गळती बंद करा, मग उपसा, मग पावडर!

बास झाली थट्टा. 2008 पासून बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी आहे. लाइनीत सतत दाब असला की गटार आत शिरायला वाव नसतो, एवढं साधं गणित तिथं रोज दिसतं. हुबळी-धारवाड, कलबुर्गीतही त्याच वेळी सुरू झालं. मग उरलेल्या गल्ल्यांत नव्या लाइनी टाकताना पुन्हा त्याच गटारीत का टाकता? राकसकोप जलाशयाचं पाणी असो की हिडकल धरणाचं, शुद्ध करायचा खर्च करायचा आणि शेवटच्या वीस फुटांत घाण करायचं! चर बुजवायच्या आधी एक तरी साहेब गटारीत वाकून बघतो का? वाकत नसेल तर बिलावर सही कशाच्या जोरावर करतो?

आणि तुम्ही वाचून माना डोलावताय, तुमचंही सांगते. लाइनीला थेट मोटार लावून ओढता ना? दाब उतरला की त्या मोटारीनंच शेजारच्या गटारीचं पाणी लाइनीत येतं, ते तुमच्या घरी आणि पुढच्या चार घरी. ती काढा आधी. चर उघडा असताना फोटो घ्या, पाइप गटारीत दिसला तर बुजवू देऊ नका, कंत्राटदार कितीही ओरडू दे. बुजल्यावर तक्रार कराल तर साहेब तुम्हालाच विचारणार, तुम्ही बघितलंत का आत काय आहे ते.